छोट्या गुन्ह्यासाठी घर सुटतं तेव्हा

तेरा-चौदा वर्षांचं पोर. कुणाची सायकल उचलली, मोबाईल लांबवला, शाळेच्या काचा फोडल्या, नाहीतर भांडणात हात उचलला आणि समोरच्याला दोन टाके पडले. सापडलं. आता याचं काय करायचं, असं आपण मोठी माणसं बोलायला बसलो की बोलणं फार लवकर एकाच मुद्द्यावर येतं, याला ठेवायचं कुठे. घरी की बाहेर. आणि हा मुद्दा आला की गुन्हा मागे पडतो आणि घराची चौकशी सुरू होते. बाप पितो का, आई दिवसभर कामावर असते का, घरात माणसं किती, शाळेत जातो का, संगत कुणाची. सायकल राहिली बाजूला.

मला जे म्हणायचंय ते आधीच सांगून टाकते. किरकोळ गुन्ह्यासाठी मुलाला घरातून उचलून सुधारगृहासारख्या संस्थेत ठेवणं ही त्या मुलाला मिळू शकणारी सगळ्यात जड शिक्षा आहे, आणि ती शिक्षा आहे हे आपण कबूल करत नाही, कारण आपल्या डोक्यात ती काळजी असते. शिक्षा म्हटली की तिला मुदत असते, अपील असतं, गुन्ह्याच्या मानाने फार झाली असं कुणीतरी ओरडू शकतं. भल्यासाठी चाललेल्या गोष्टीला मुदत कोण घालणार? आणि तिच्याविरुद्ध बोलायचं तरी कुणी, कसं?

जेराल्ड गॉल्टची केस मी पहिल्यांदा वाचली तेव्हा दोनदा मागे जाऊन परत वाचली, कारण आकडे डोक्यात बसेनात. अमेरिकेतलं ॲरिझोना राज्य, १९६४. जेराल्ड पंधरा वर्षांचा. शेजारच्या एका बाईंनी तक्रार केली की याने आणि याच्या मित्राने मला फोन करून अश्लील बोललं. आईवडील दोघंही कामावर होते, त्यांना काही न कळवता, घरी चिठ्ठीसुद्धा न ठेवता पोलीस त्याला घेऊन गेले. आई संध्याकाळी घरी आली, पोरगा नाही, मोठ्या भावाला शोधायला पाठवलं तेव्हा कुठे कळलं की तो अटकेत आहे. कोर्टात तक्रारदार बाई एकदाही आल्या नाहीत, वकील नव्हता, काय बोलणं झालं याची नोंद कुणी ठेवली नाही. आधीच्या एका प्रकरणात तो प्रोबेशनवर, म्हणजे देखरेखीखाली मोकळा, होता, ते प्रकरण म्हणजे काय, तर पाकीट चोरणाऱ्या दुसऱ्या मुलाबरोबर तो होता. न्यायाधीशांनी त्याला राज्याच्या इंडस्ट्रियल स्कूलमध्ये, म्हणजे मुलांना कोंडून ठेवणाऱ्या सुधारशाळेत धाडलं, एकवीस वर्षांचा होईपर्यंत. म्हणजे सहा वर्षांपर्यंत. हाच गुन्हा एखाद्या मोठ्या माणसाने केला असता तर तिथल्या कायद्यात पाच ते पन्नास डॉलर दंड, किंवा जास्तीत जास्त दोन महिने कैद.

दोन महिने आणि सहा वर्षं. फरक कशाचा? फक्त वयाचा. तो लहान होता म्हणून त्याला जास्त, आणि तेही कुणी दुष्टपणे दिलेलं नाही, सगळे आपापल्या परीने त्याला वळण लावत होते. १९६७ साली अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने हा निकाल रद्द केला. मुलांनासुद्धा आरोप काय आहे ते आधी कळलं पाहिजे, वकील मिळाला पाहिजे, साक्षीदाराला प्रश्न विचारता आले पाहिजेत, असं सांगितलं. न्यायमूर्ती एब फोर्टास यांच्या त्या निकालपत्रात एक भाग आहे जो माझ्या डोक्यातून जात नाही. त्यात ते साधी गोष्ट मांडतात, की संस्थेला नाव काहीही द्या, तिथे त्या मुलाच्या आजूबाजूला आई, बाप, भावंडं, मित्र, वर्गातली मुलं यांच्या जागी पहारेकरी येतात, सरकारी नोकर येतात, आणि त्याच्याबरोबर कोंडलेली अशी मुलं येतात ज्यांच्यात नुसत्या उनाडकीपासून खुनापर्यंत काहीही करून आलेली असतात.

पण भल्यासाठी उचलण्याची कल्पना त्याच्याही खूप आधीची. न्यूयॉर्कमध्ये १८२५ साली मुलांसाठी हाऊस ऑफ रेफ्यूज, म्हणजे आसरागृह निघालं, ते काढणारी माणसं खरोखर कळवळ्याची होती, मोठ्यांच्या तुरुंगात सडणारी पोरं बघून त्यांना राहवेना. हे विसरून चालणार नाही. मग बघता बघता तिथे गुन्हा न केलेली, नुसती गरीब, नुसती रस्त्यावर फिरणारी मुलंही भरायला लागली. १८३८ ची पेनसिल्व्हेनियातली एक केस आहे, मेरी ॲन क्राउझ नावाच्या मुलीची. आईनेच तक्रार केली की मुलगी हाताबाहेर गेलीय, आणि मुलगी फिलाडेल्फियाच्या अशाच एका गृहात गेली. बापाने कोर्टात जाऊन ती परत मागितली. कोर्टाने नाही म्हटलं. म्हणालं, हे काही तुरुंग नाही, शाळा आहे, आणि आईबाप जमवू शकत नसतील तर सरकारच पालक. पुढे १८७० मध्ये इलिनॉयच्या सुप्रीम कोर्टापुढे डॅनियल ओकॉनेल नावाचा मुलगा आला, त्यालाही गुन्ह्याशिवाय शिकागोच्या रिफॉर्म स्कूलमध्ये टाकलं होतं, आणि तिथल्या न्यायाधीशांनी अगदी उलट निकाल दिला, सोडा त्याला, दारिद्र्य आणि दुर्दैव हे काही कोंडून ठेवायचं कारण होऊ शकत नाही. दोन कोर्टं, दोन मुलं, बत्तीस वर्षांचं अंतर. मला वाटतं आजही प्रत्येक मुलाच्या बाबतीत हाच वाद नव्याने होतो, फक्त तो आता मोठ्या कोर्टात न होता एका फाईलमधल्या दोन-तीन ओळींच्या शेऱ्यात होतो.

मी काही काळ अशा एका संस्थेत मुलांबरोबर वाचनाचा तास घ्यायचे. संस्था वाईट नव्हती, हे मुद्दाम सांगते, कारण वाईट संस्थांबद्दल लिहिणं सोपं आहे, मारहाण, उपासमार, त्याहून भयंकर गोष्टी, ते सगळं वाचून कुणीही हळहळेल आणि म्हणेल चांगल्या संस्था काढा. माझा प्रश्न चांगल्या संस्थेचा आहे. तिथे जेवण वेळेवर होतं, अंथरूण स्वच्छ होतं, मारत कुणी नव्हतं. आणि तरीही मुलांना दिवसभर एकच गोष्ट विचारायची असायची, माझी तारीख कधी. पुस्तकातली गोष्ट अर्धी झाली की एखादा मध्येच विचारायचा, घरचे आले होते का, फोन आला का. एक जण धाकट्या भावाबद्दल सारखा बोलायचा, भाऊ त्याच्याच शेजारी झोपायचा म्हणे, आता त्या जागेवर कोण झोपतं, हा त्याचा प्रश्न होता. याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं आणि तिथल्या कुठल्याच मोठ्या माणसाकडे नव्हतं.

आणि वेळ. मोठ्या माणसाला सहा महिने म्हणजे काही विशेष नाही, पटकन जातात. तेराव्या वर्षी सहा महिन्यांत आवाज फुटतो, पँट आखूड होते, घरातलं रांगणारं भावंड चालायला लागतं, वर्गातली मुलं पुढच्या वर्गात जातात आणि आपल्या बाकावर दुसरा कुणीतरी बसलेला असतो. थोड्याच दिवसांचा प्रश्न आहे असं जेव्हा कुणी म्हणतं तेव्हा ते दिवस कुणाचे मोजतोय हे बघायला पाहिजे.

अजून एक गोष्ट मला तिथे हळूहळू कळली आणि ती मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. संस्थेत चांगलं वागणं म्हणजे काय? घंटा झाली की उठणं, रांगेत उभं राहणं, उलट न बोलणं, सांगितलं तेवढं करणं. जो मुलगा गप्प राहतो त्याचा शेरा उत्तम. आता हाच मुलगा बाहेर पडल्यावर त्याला काय काय जमायला लागणार आहे? जुना मित्र बाईक घेऊन दारात आला तर नाही म्हणायला. राग आला तर तिथून निघून जायला. घरी उशीर झाला तर खरं सांगायला. ज्याची काच फोडली त्याच्यासमोर उभं राहायला. यातली एकही गोष्ट संस्थेच्या भिंतींच्या आत शिकता येत नाही, कारण आत तसा प्रसंगच येत नाही, सगळे निर्णय दुसऱ्या कुणीतरी घेतलेले असतात. पोहणं कोरड्या जमिनीवर शिकवावं तसं आहे हे. मग पोरगा बाहेर येतो, महिनाभरात परत काहीतरी करून बसतो, आणि आपण म्हणतो बघा, एवढं करूनही सुधारला नाही.

उलट तिथे शिकायला मिळतं ते वेगळंच. एकट्यादुकट्याने सायकल उचलणारा पोरगा तिथे अशा मुलांमध्ये येतो ज्यांनी याच्यापेक्षा पुढच्या गोष्टी केल्यात, आणि त्या वयात आपल्याला कोण किती मोठा समजतं यावर सगळं चालतं, तिथली इज्जत कशाला आहे तर कोण काय करून आलाय याला. याच्यावर संशोधनही झालंय आणि ते वाचून मी हादरले होते. अमेरिकेत केंब्रिज आणि सॉमरविल या शेजारशेजारच्या गावांत १९३९ च्या सुमाराला एक मोठा प्रयोग सुरू झाला. पाचशेच्या वर मुलगे, त्यांच्या सारख्या सारख्या जोड्या लावल्या, जोडीतल्या एकाला काही वर्षं सगळी मदत, म्हणजे घरी येणारे समुपदेशक, शिकवणी, डॉक्टर, उन्हाळी शिबिरं, आणि दुसऱ्याला काहीच नाही. जोन मॅकॉर्ड या संशोधक बाईंनी तीस वर्षांनी या सगळ्यांचा माग काढला. मदत मिळालेल्यांचं भलं झालेलं दिसलं नाहीच, काही बाबतीत ते जास्त वाईट निघाले, आणि त्यातही सगळ्यात जास्त नुकसान कुणाचं तर पुन्हा पुन्हा शिबिरांना पाठवलेल्या मुलांचं. शिबिरं! कोंडून ठेवणं नाही, काही नाही, फक्त तशाच मुलांचा घोळका एकत्र. प्रेमाने केलेली गोष्ट म्हणून ती बाधत नाही असं नसतं.

दुसरा अभ्यास शिकागोचा, ॲना आयझर आणि जोसेफ डॉइल या दोघा अर्थशास्त्रज्ञांचा, २०१५ मध्ये आलेला. त्यांनी जवळपास पस्तीस हजार मुलांची माहिती घेतली. तिथे केस कुठल्या न्यायाधीशाकडे जाणार हे साधारण नशिबावर ठरायचं, आणि काही न्यायाधीश पटकन आत पाठवणारे, काही जरा हात आखडता घेणारे. म्हणजे जवळपास सारखीच दोन मुलं, एक आत गेला आणि एक घरी राहिला, केवळ समोर कोण बसलं होतं यामुळे. आत गेलेल्यांमध्ये हायस्कूल पूर्ण करण्याची शक्यता सुमारे १३ टक्के पॉइंटांनी कमी झाली आणि मोठेपणी तुरुंगात जाण्याची सुमारे २३ पॉइंटांनी वाढली. आणि यातल्या बहुतेकांचा मुक्काम वर्षानुवर्षांचा नव्हता, महिना-दोन महिन्यांचा होता! पण तेवढ्यात शाळा सुटली आणि पुष्कळ जण परत शाळेत गेलेच नाहीत. मुलगा बिघडलेला होता म्हणून आत गेला आणि म्हणून पुढेही बिघडला, हे आपलं नेहमीचं उत्तर इथे चालत नाही, कारण तुलना सारख्याच मुलांशी आहे.

त्यात अजून एक भर. मानसशास्त्रज्ञ टेरी मॉफिट यांनी १९९३ मध्ये मांडलं की या वयात कायदा मोडणारी बहुतांश मुलं त्या वयापुरतीच मोडतात, लहानपणापासून म्हातारपणापर्यंत तेच करत राहणारे फार थोडे. म्हणजे त्या बहुतांश मुलांना काही न करता, नुसतं त्यांच्या आसपास चार शहाणी माणसं ठेवून वाढू दिलं तरी ती सुटतात त्यातून. त्यांची शाळा, पहिलं काम, ओळखीपाळखी, एखादी आवडणारी मुलगी, याच सगळ्या गोष्टी त्यांना बाहेर ओढतात. आणि घराबाहेर काढताना आपण नेमक्या याच गोष्टी तोडतो.

बरं, हे सगळं कायद्याला माहीत नाही असं मुळीच नाही. मुलांना न्याय कसा द्यायचा याचे १९८५ चे संयुक्त राष्ट्रांचे बीजिंग नियम बघा, १९८९ चा बालहक्क करार बघा, त्याच्या ३७ व्या कलमात सरळ लिहिलंय की मुलाला अटकेत किंवा कैदेत ठेवणं हा शेवटचा उपाय आणि तोही शक्य तितक्या कमी काळासाठी. भारताच्या २०१५ च्या बाल न्याय कायद्यातही संस्थेत ठेवणं हा अखेरचा मार्ग हे तत्त्व म्हणून घातलंय, किरकोळ गुन्ह्याची चौकशी चार महिन्यांत आणि वाढवून दिली तर आणखी दोन महिन्यांत संपली नाही तर ती बंदच करायची अशी तरतूद आहे, समज देऊन सोडण्यापासून समुपदेशन, समाजसेवा, प्रोबेशन असे कितीतरी पर्याय विशेष गृहाच्या, म्हणजे मुलांना ठेवायच्या सरकारी संस्थेच्या, आधी येतात. कागदावर सगळं छान आहे. तरीसुद्धा २०१९ मध्ये मॅनफ्रेड नोवाक यांच्या नेतृत्वाखाली संयुक्त राष्ट्रांसाठी जो जागतिक अभ्यास झाला त्यात न्यायव्यवस्थेतून कोठड्यांत आणि तुरुंगांत जाणाऱ्या मुलांचा अंदाज वर्षाला किमान चार लाख दहा हजार निघाला, आणि पोलीस कोठडीत जाणारी मुलं त्याच्या वर वेगळी.

मग शेवटचा उपाय पहिला कसा होतो? माझ्या मते तो निकालाच्या दिवशी होतच नाही, त्याच्या फार आधी होतो. मुलगा सापडला त्या रात्री. घरी फोन केला, कुणी उचलला नाही, किंवा आई आली पण कागद वाचता येईना, किंवा बापाला रोजगार बुडवून दुसऱ्या दिवशी येणं जमलं नाही. जामीन द्यायचाच असतो कायद्याने, पण त्याला अपवादही असतात, सुटला तर वाईट संगतीत जाईल, नैतिक किंवा मानसिक धोका संभवतो वगैरे, आणि हे शब्द इतके ऐसपैस आहेत की गरीब वस्तीतलं कुठलंही घर त्यात बसवता येतं. ज्या घरात वकील करणारं, नीट बोलणारं, समुपदेशकाची अपॉइंटमेंट घेऊन येणारं माणूस आहे तिथला मुलगा त्याच गुन्ह्यात संध्याकाळी घरी. दुसरा आत. गुन्हा एक, शिक्षा घराला बघून. आणि आत असलेल्या मुलाची चौकशी लांबते, तो आत आहे म्हणजे काहीतरी असेलच असं सगळ्यांना वाटायला लागतं, आणि तात्पुरतं म्हणून सुरू झालेलं तेच निकालात उतरतं.

पैशाचा संबंध कधी कधी इतका उघडा असतो की वाचवत नाही. पेनसिल्व्हेनियातल्या लुझर्न काउंटीत मार्क सियावरेला आणि मायकल कॉनाहन या दोन न्यायाधीशांनी मुलांसाठीची खासगी कोठडीगृहं बांधणाऱ्या-चालवणाऱ्यांकडून मिळून अठ्ठावीस लाख डॉलर घेतले, आणि तिथे मुलं अगदी फालतू कारणांनी आत जात होती. एका मुलीने उपमुख्याध्यापकांची टिंगल करणारं ऑनलाइन पेज बनवलं म्हणून तिला तीन महिने. पुढे राज्याच्या सुप्रीम कोर्टाने हजारो मुलांचे निकाल रद्द केले. पण मला यातली लाच जितकी अस्वस्थ करते त्यापेक्षा दुसरी गोष्ट जास्त करते, ती म्हणजे इतकी वर्षं त्या कोर्टात सरकारी वकील होते, प्रोबेशन ऑफिसर होते, शाळांची माणसं होती, आणि पोरं घरातून उचलली जाताना बघून बहुतेकांना काही वावगं वाटलं नाही. कडक न्यायाधीश आहेत, बरंय, धाक बसेल.

आता यातली सगळ्यात अवघड बाजू. आईबापच कधी कधी म्हणतात, ठेवून घ्या साहेब, आमच्याच्याने होत नाही. मेरी ॲनची आई १८३८ मध्ये हेच म्हणत होती. अशा आईला मी दोष देऊच शकत नाही. पोरगा रात्री दोनला येतो, तिच्या पर्समधले पैसे काढतो, अंगावर धावून येतो, शेजारीपाजारी रोज दारात, आणि तिला सकाळी सहाला कामावर निघायचंय. ती ठेवून घ्या म्हणते तेव्हा ती खरं तर मदत मागत असते, आणि आपल्या व्यवस्थेकडे मदतीचं एकच दार उघडं असतं, ते म्हणजे मुलाला आत घेणारं. त्या आईला जर विचारलं की रोज संध्याकाळी एक माणूस घरी येईल, तुझ्याशी आणि त्याच्याशी बोलेल, रात्री-अपरात्री फोन केलास तर उचलेल, शाळेत जाऊन सरांशी भांडेल, तर किती आया म्हणतील की नको, त्याला न्याच? असा कार्यक्रम कल्पनेतला नाही. अमेरिकेत स्कॉट हेंगलर यांनी याच धर्तीची पद्धत उभी केली, एका कार्यकर्त्याकडे थोडीच कुटुंबं, काही महिने, काम सगळं घरात आणि शाळेत जाऊन. ती सगळीकडे सारखीच चालली असं नाही. पण मुलगा घरातच राहतो आणि घरासकट बदलायचा प्रयत्न होतो.

आणि काही मुलांना घरातून काढावंच लागतं, हेही मी मानते. जिथे बाप मारून हाडं मोडतो, जिथे घरातलाच माणूस मुलीच्या अंगाला हात लावतो, जिथे पोरालाच चोरीला पाठवलं जातं, तिथे घर घर करत बसणं हा क्रूरपणा होईल. पण मग तो निर्णय मुलाच्या संरक्षणाचा आहे, त्याच्या चोरीचा नाही, आणि तो तसाच, वेगळा, उघडपणे घेतला पाहिजे. संरक्षणासाठी काढलेल्या मुलाला गुन्हेगारांच्या खोलीत का ठेवायचं? तिथे नातेवाईक असतात, आत्या, मामा, आजी असतात, पालनपोषणासाठी तयार केलेली दुसरी कुटुंबं असू शकतात. ऑरेगनमध्ये पॅट्रिशिया चेंबरलेन यांनी नेमकं हेच करून बघितलं, गुन्हे केलेला एक मुलगा एका शिकवून तयार केलेल्या कुटुंबात, त्याच्यासारखी दुसरी मुलं त्या घरात नाहीत, आणि त्याच वेळी त्याच्या स्वतःच्या आईबापाबरोबरही काम चालू, कारण त्याला परत तिथेच जायचंय. गटात ठेवलेल्या मुलांपेक्षा या मुलांना पुढे कमी वेळा अटक झाली, १९९८ मध्ये हे निष्कर्ष आले. घर काढून घेतलं तर दुसरं घर द्यावं लागतं, बरॅक देऊन भागत नाही.

ज्याचं नुकसान झालं त्याचं काय, असं कुणी विचारलं तर तो प्रश्न मला अगदी रास्त वाटतो. त्याची सायकल गेलीय, काच फुटलीय, टाके पडलेत. पोरगा सहा महिने कुठल्या तरी लांबच्या इमारतीत राहिल्याने त्याला काय मिळतं? सायकल मिळत नाही, माफी मिळत नाही, ते पोर माझ्याच मागे का लागलं होतं हेही कळत नाही. न्यूझीलंडने १९८९ च्या कायद्यात कुटुंब बैठकीची पद्धत आणली, मुलगा, त्याचं सगळं गणगोत, पोलीस आणि इच्छा असेल तर ज्याचं नुकसान झालं तो माणूस, सगळे एकत्र बसतात आणि भरपाई कशी, काम काय, लक्ष कोण ठेवणार हे ठरवतात. माओरी समाजातून ही मागणी जोरात आली होती, कारण त्यांची पोरं सरकारी संस्थांत भराभर जात होती आणि कुटुंबाला कुणी विचारत नव्हतं. अशा बैठकीत बसणं पोराला सोपं जात असेल असं मला वाटत नाही. गप्प राहून चांगला शेरा मिळवण्यापेक्षा ते कितीतरी अवघड आहे.

संस्था बंद केल्या तर आकाश कोसळेल ही भीतीही खरी असते, आणि तिचं उत्तर एका राज्याने देऊन ठेवलंय. मॅसॅच्युसेट्स, जिथे १८४८ पासून मुलांची सरकारी सुधारशाळा होती. १९६९ मध्ये जेरोम मिलर तिथे अशा शाळा चालवणाऱ्या खात्याचे प्रमुख म्हणून आले. आधी त्यांनी आतून सुधारणा करून बघितल्या, कर्मचाऱ्यांना समजावलं, नियम सैल केले, आणि त्यांच्या लक्षात आलं की आपण काहीही केलं तरी ती जागा स्वतःच्या जुन्या वळणावर परत जाते. मग १९७० ते ७२ च्या दरम्यान त्यांनी मोठ्या शाळा एकामागून एक बंद केल्या. शेवटच्या टप्प्यात शंभराच्या आसपास मुलं गाड्यांतून एका विद्यापीठात नेऊन ठेवली, तिथले विद्यार्थी एकेकाच्या सोबतीला दिले, आणि तोवर बाहेर सोय लावली. लोक खवळले, राजकारणी खवळले, घाई झाली हेही खरं, काही ठिकाणी बाहेरची सोय तयार नव्हती. पण गुन्ह्यांची लाट म्हणतात ती काही आली नाही, आणि तिथल्या मोठ्या सुधारशाळा नंतर कुणी परत उघडल्या नाहीत. हार्वर्डच्या लोकांनी नंतर तिथल्या मुलांचा अभ्यास केला तेव्हा जिथे बाहेरच्या सोयी भरपूर आणि तऱ्हेतऱ्हेच्या उभ्या राहिल्या होत्या तिथे निकाल बरे दिसले. म्हणजे बंद करणं हे अर्धंच काम, हेही त्यातूनच कळतं.

मी काही उद्या सगळी दारं उघडा म्हणत नाहीये. मला हवंय ते आत्ताच्या आत्ता करता येण्यासारखं आहे. किरकोळ गुन्ह्यात मुलाला घराबाहेर ठेवायचा आदेश द्यायचाच असेल तर त्यात आधी काय काय करून बघितलं ते लिहा, कुणी बघितलं, किती दिवस, आणि ते का जमलं नाही. घराची परिस्थिती बरी नाही एवढं वाक्य चालणार नाही, कुठली परिस्थिती आणि ती सुधारायला या घराला काय दिलं ते सांगा. घरापासून किती लांब ठेवताय आणि आईला भेटायला यायचे पैसे कोण देणार ते लिहा. त्याच्या शाळेला पहिल्याच आठवड्यात कळवा की याचं नाव काढू नका, हा परत येणार आहे. परत कधी तपासणार त्याची तारीख घाला, महिन्याच्या आतली, आणि त्या तारखेला कुणी आलं नाही, फाईल सापडली नाही, साहेब रजेवर होते, यातलं काहीही झालं तरी मुलगा त्या दिवशी घरी जाईल असंही लिहा. आणि तपासणीच्या दिवशी त्याला स्वतःला समोर बसवून विचारा, त्याच्या भाषेत, वकिलाला शेजारी ठेवून, घाई न करता.